धूप बघायला आलेली माणसं

कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागात माझी सगळी नोकरी झाली. धावणारं पाणी चालतं करायचं, चालणारं थांबवायचं आणि थांबलेलं जिरवायचं, हा आमचा मूलमंत्र. त्यासाठी बांधबंदिस्ती, समतल चर, अनघड दगडी बांध, नाला बांध यांची अंदाजपत्रकं करायची, कामं मोजायची, बिलं काढायची. निवृत्त झालो तरी सवय सुटलेली नाही. एसटीच्या खिडकीतून उतारावर एखादा ओघळ दिसला की मनात दगडांचे घनमीटर सुरू होतात.

अशा माणसाला साउथ डकोटातलं बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान दाखवावं, हे आमच्या लेकीच्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे. तिथे वर्षाला साधारण दहा लाख माणसं रीतसर प्रवेशशुल्क भरून जे बघायला येतात, ती निव्वळ जमिनीची धूप आहे. माझ्या खात्याने जिच्यावर कोट्यवधी रुपये खर्चले, तिची इथे पोस्टकार्डं विकतात.

लेक मिनियापोलिसला असते. तिने गाडी दिली, आंतरराष्ट्रीय परवाना मी पुण्याहूनच काढून आणला होता. “बाबा, मधे कित्येक तास काहीच नाही हं, फक्त गवत,” असं तिने बजावलं. ते ऐकून माझी बायको खूश झाली. ती कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि तिचा जीव गवतात. आमच्या घरात लग्नापासून एक वाद चालू आहे: माती कोण धरून ठेवतं, बांध की गवत? मी अर्थातच बांधाच्या बाजूचा. तिचं म्हणणं, “अहो, तुमचा बांध चार पावसाळ्यांत फुटतो. गवत तुमच्या खात्याच्या आधीपासून आहे.” हा वाद आम्ही जून महिन्यात इंटरस्टेट ९० या महामार्गावर सोबत घेतला, आणि डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी व लोणचं.

सू फॉल्स ओलांडलं की राज्याचा पूर्व भाग सुरू होतो. मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. माती काळी, सपाट, इतकी सुपीक की हेवा वाटावा. मिचेल नावाच्या गावात मक्याचा महाल आहे. १८९२मध्ये पहिला बांधला, आताची इमारत १९२१ची, आणि तिच्या भिंतींवरची चित्रं दरवर्षी रंगीत कणसांनी नव्याने सजवतात. बघायला मजा येते, पण अर्धा तास पुरे.

खरा प्रवास चेंबरलेनला सुरू होतो. इथे मिसुरी नदी आडवी येते. नदी म्हणायची, पण समोर पसरलेला असतो तो फोर्ट रँडल धरणाचा जलाशय, लेक फ्रान्सिस केस. काठावरच्या विश्रांतीस्थळी टेकाडावर एका आदिवासी स्त्रीचा पोलादी पुतळा उभा आहे, पाठीवर चांदणीच्या नक्षीची गोधडी वाऱ्यावर पसरलेली. उंची ५० फूट, शिल्पकार डेल लॅम्फियर, उभारणी २०१६. नाव ‘डिग्निटी’. पुतळ्यांच्या बाबतीत मी एरवी थंड माणूस आहे, पण हा मनापासून आवडला. समोर जे पाणी दिसतं त्याखाली लकोटा आणि डकोटा लोकांची नदीकाठची उत्तम जमीन गेली आहे. १९४४च्या पिक-स्लोन योजनेतून मिसुरीवर धरणांची मालिका उभी राहिली, आणि बुडणारी खोऱ्यातली शेतं, लाकूडफाट्याची रानं बव्हंशी राखीव प्रदेशांतली होती. धरणग्रस्तांच्या गोष्टी आपल्याला नव्याने सांगायला नकोत.

माझं लक्ष मात्र गाळाकडे. चेंबरलेनच्या खाली काही अंतरावर व्हाइट नदी या जलाशयाला मिळते. ही व्हाइट नदी बॅडलँड्सच्या पायथ्याने वाहत येते आणि तिथली धुपलेली माती घेऊन येते. नावाप्रमाणेच पाणी पांढुरकं. जलाशयात शिरताच वेग मरतो, माती बसते, आणि तोंडाशी गाळाचा त्रिभुज प्रदेश वाढत जातो. म्हणजे ज्या धुपीची वाहवा करायला आम्ही निघालो होतो तिचा हिशोब वाटेतच, धरणात, मांडलेला होता. आपल्याकडे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजना आहे. हा गाळ मात्र कुठल्या शिवारात टाकण्याच्या लायकीचा नाही, ते पुढे कळलं.

नदी ओलांडली की देश बदलतो. स्थानिक लोक राज्याचे दोनच भाग मानतात, ‘ईस्ट रिव्हर’ आणि ‘वेस्ट रिव्हर’. पूर्वेला शेतकरी, पश्चिमेला गुरं पाळणारे रँचवाले. हिमयुगातल्या हिमनद्या साधारण मिसुरीपर्यंतच आल्या होत्या. त्यांनी पूर्वेकडची जमीन सपाट केली, वर नवी माती अंथरली. पश्चिमेला ती कृपा झाली नाही. शिवाय प्रेशो गावाच्या आसपास महामार्ग १०० अंश पश्चिम रेखावृत्त ओलांडतो. पाटी वगैरे काही दिसली नाही, पण कोरडवाहू शेतीवाल्याने तिथे गाडी थांबवून नमस्कार करावा अशी ती जागा आहे. जॉन वेस्ली पॉवेल या भूशास्त्रज्ञाने १८७८च्या अहवालात सांगून ठेवलं होतं की या रेषेच्या आसपास वार्षिक पाऊस २० इंचांच्या, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या खाली उतरतो, आणि त्याच्या पलीकडे पावसावर शेती करणं भरवशाचं नाही. एका कुटुंबाला जगायचं तर इथे २,५६० एकर कुरण द्यावं, असं त्याचं म्हणणं.

सरकार देत होतं १६० एकर. १८६२च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसली की ती तुमची. रेल्वे कंपन्या जाहिराती करत होत्या, आणि नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो असा एक सिद्धांतही शिकलेली माणसं छातीठोकपणे मांडत होती. पॉवेलचं कोण ऐकणार? हजारो कुटुंबं आली. झाडं नाहीत, लाकूड नाही, म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली ढेकळं विटांसारखी कापून त्यांची घरं बांधली. बॅडलँड्सच्या वेशीवर असं एक घर जपून ठेवलं आहे. एड ब्राउन नावाच्या माणसाने १९०९च्या सुमारास टेकडीत अर्धवट खोदून बांधलेलं. आत शिरलो तर माझं डोकं छताला लागेल अशी बेताची उंची. बायकोने भिंतीतून डोकावणाऱ्या मुळांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मुद्दा सिद्ध झाला.

हे गवत पाहायला मात्र उतरावं लागतं. ताशी ८० मैल ही इथली वेगमर्यादा. त्या वेगात सगळं एकसारखं हिरवट-पिवळं दिसतं. एका बाजूच्या रस्त्याला थांबून कुंपणाशी गेलो तर बायकोने दहा पावलांत पाच-सहा जाती दाखवल्या. पूर्वेकडे माणसाच्या उंचीचं बिग ब्लूस्टेम, ते ज्वारी आणि उसाच्या गोतातलं, मुळं जमिनीत दहा फूट खोल. जसजसा पाऊस कमी तसतसं गवत बुटकं: वेस्टर्न व्हीटग्रास, ब्लू ग्रामा, आणि अगदी जमिनीला चिकटलेलं बफेलो ग्रास. मग तिला सापडलं नीडल-अँड-थ्रेड. त्याचं लांब कुसळ माझ्या पायमोज्यात घुसलेलंच होतं. आपल्या माळावरच्या कुसळीची हीच करणी. दोन्ही गवतांची कुसळं हवेतल्या दमटपणाने पिळतात, उलगडतात, आणि त्या वळशाने बी जमिनीत रुजवतात. दोन वेगळ्या खंडांत, वेगळ्या उपकुळातल्या गवतांनी एकच यंत्र शोधलं. पायमोजे काढून कुसळं वेचताना मी त्याचं कौतुक करण्याच्या मनःस्थितीत नव्हतो, एवढंच.

१६० एकरवाल्यांचं पुढे काय झालं ते मृदसंधारणाच्या प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. गवत उलटवलं, गहू पेरला, पहिली वर्षं बरी गेली. १९३०च्या दशकात पाऊस रुसला आणि उघडी माती वाऱ्यावर निघाली. १२ नोव्हेंबर १९३३ रोजी साउथ डकोटात भर दिवसा अंधार झाला. ‘डस्ट बाउल’ म्हणून जे नाव पडलं ते दक्षिणेकडच्या कॅन्सस-ओक्लाहोमा पट्ट्याचं, पण इथेही घरं सोडून जाणाऱ्यांची रीघ लागली. ह्यू हॅमंड बेनेट हा आमच्या व्यवसायाचा आद्यपुरुष. १९३५च्या वसंतात तो वॉशिंग्टनमध्ये संसद सदस्यांपुढे मातीसाठी कायदा मागत होता, आणि तेव्हाच पश्चिमेकडची धूळ उडत उडत राजधानीवर येऊन पोचली. एप्रिलअखेर कायदा झाला. कधीकधी साक्षीपुरावा असा खिडकीबाहेर यावा लागतो. आपल्या मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा १९४२मध्ये आला. माझ्या नोकरीची मुळं त्यात, आणि १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर झालेल्या बांधबंदिस्तीत.

मर्डो सोडलं की घड्याळ एक तास मागे करायचं. महामार्गाच्या १३१ क्रमांकाच्या फाट्याशी दोन रस्ते फुटतात. दक्षिणेला बॅडलँड्स, उत्तरेला लागूनच ‘मिनिटमन’ क्षेपणास्त्रांचं राष्ट्रीय स्मारक. शीतयुद्धात या गवताखाली दीडशे अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं तयार ठेवलेली होती. रँचवाल्यांच्या गुरांच्या शेजारी एक साधं कुंपण, आणि आत जमिनीखाली तो जिन्नस. १९९१च्या करारानंतर ती काढली. एका नियंत्रणकक्षाच्या अजस्र पोलादी दारावर सैनिकांनी पिझ्झ्याच्या खोक्याचं चित्र रंगवलं आहे, अर्ध्या तासात जगात कुठेही पोचवू अशा मजकुराचं. मला ते बघून हसू आलं आणि नंतर त्या हसण्याचं वाईट वाटलं.

मग बॅडलँड्स. वेशीतून आत गेल्यावर काही काळ नुसता माळच असतो. पहिल्या सज्जाशी गाडी लावून चार पावलं पुढे जातो तो माळ एकदम संपतो. समोर खाली, नजर जाईल तिथवर, कापलेली जमीन. सुळके, कंगोरे, घळींमधून फुटलेल्या घळी, राखाडी, फिकट गुलाबी, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची. आजूबाजूचे लोक फोटो काढत होते. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “अरेरे!”

बायको हसली, पण हिशोब ऐका. इथली जमीन वर्षाला सरासरी एक इंच झिजते. एक मिलिमीटरचा थर म्हणजे हेक्टरी साधारण १३ टन माती. एक इंच म्हणजे तीनशे टनांच्या वर. शेतजमिनीला हेक्टरी अकरा टनांपर्यंत धूप चालवून घ्यावी असं पुस्तकं सांगतात, आणि भारताची सरासरी सोळाच्या आसपास धरतात. सह्याद्रीचा कातळ हजारो वर्षांत जेवढा झिजत नाही तेवढी ही टेकडी माझ्या नोकरीच्या काळात झिजली असेल. नद्यांनी हे कोरीव काम सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी सुरू केलं, आणि याच वेगाने आणखी पाच लाख वर्षांत सगळं सपाट होईल. भूशास्त्राच्या मानाने ही टेकड्यांची जत्राच म्हणायची.

इतकी घाई का? कारण हे दगड नावालाच दगड आहेत. चिखल, गाळ आणि ज्वालामुखीची राख यांचे थर, अर्धवट घट्ट झालेले. पश्चिमेकडून वाऱ्यावर आलेल्या राखेची कालांतराने फुगणारी चिकणमाती झाली. वाकून हात लावला तर सुकलेला पृष्ठभाग ज्वारीच्या लाह्यांसारखा फुललेला, बोटाखाली चुरणारा. ओळख पटली. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीत जी माती असते तिचाच हा गट, स्मेक्टाइट. आपली बेसॉल्टच्या झिजेतून आली, इथली राखेतून. पाणी लागलं की फुगायचं, सुकलं की आकसून भेगा पाडायच्या, ओली झाली की बुटाला किलोकिलोने चिकटायचं, हे स्वभाव सारखे. पण काळ्या रानात कापूस, ज्वारी, हरभरा पिकतो. इथे बी रुजायच्या आत पृष्ठभागच खाली जातो. वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर, म्हणजे आमच्या माण-आटपाडीपेक्षा फार वेगळा नाही, आणि तोही उन्हाळ्यातल्या वादळी सरींत एकदम पडणारा.

अशी एक सर आम्ही पाहिली. दुपारी पश्चिमेला काळं झालं, वारा सुटला, सगळे गाड्यांत पळाले. पाऊस पंधरा-वीस मिनिटं पडला असेल. फुगलेल्या चिकणमातीने वरचं तोंड बंद केल्यामुळे पाणी जिरायचा प्रश्नच नाही. प्रत्येक कंगोऱ्यावरून धारा सुटल्या, घळीत राखाडी लगदा वेगाने सरकू लागला. तीव्रता, उतार, आच्छादन, मातीचा प्रकार: ज्या सूत्राने आम्ही जमिनीची धूप मोजतो त्यातला प्रत्येक घटक माझ्यासमोर कमाल पातळीला होता. आणि मला एकही बांध घालावासा वाटला नाही. घालायला पाया तरी कुठे होता? धूप दोन प्रकारची, हे मी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात शेकडो वेळा सांगितलं असेल, एक निसर्गाच्या गतीची आणि एक माणसाने लावलेली. पहिल्या प्रकाराचा वेग इतका असू शकतो, हे मात्र पुस्तकात वाचून पोटात शिरत नाही.

पुढचा रस्ता या धुपलेल्या भिंतीच्या कधी वरून, कधी मधून जातो. तो सगळा वर्णन करत नाही. बेन राइफल केंद्रात थांबावं. हे राइफल ब्रूले सू जमातीचे, १९६१ ते १९७१ या काळात अमेरिकी संसदेत साउथ डकोटाचे प्रतिनिधी होते. उन्हाळ्यात तिथे जीवाश्म साफ करणारे शास्त्रज्ञ काचेआड नव्हे, तर समोर बसून काम करतात आणि प्रश्नांना उत्तरं देतात. दरवर्षी इंचभर माती जाते म्हणजे दरवर्षी इंचभर नवी हाडं उघडी पडतात, हा या धुपीचा फायदा. १९९३मध्ये दोन पर्यटकांना जमिनीतून वर आलेला मणका दिसला आणि त्यांनी तो न उचलता कळवला. चार दिवसांत उरकेल असं वाटलेलं उत्खनन पंधरा उन्हाळे चाललं. डुकराचं हाड समजून त्याला ‘बिग पिग डिग’ म्हणू लागले होते, निघाला बिनशिंगी गेंड्याचा एक पूर्वज. २०१०मध्ये सात वर्षांच्या मुलीला केंद्राजवळच तलवारदंती शिकारी प्राण्याची कवटी दिसली. उचलायचं नाही, जागा सांगायची, हा नियम त्या मुलीला पाठ होता.

आता पिवळ्या टेकड्या. ‘यलो माउंड्स’ नावाच्या भागात सगळे पर्यटक रंगासाठी थांबतात. मी तिथे तासभर काढला तो वेगळ्या कारणाने. सात-साडेसात कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. दख्खनचा लाव्हा सांडायच्या थोडा आधीचा काळ. समुद्र हटला, तळाचा काळा चिखल उघड्यावर आला, त्यावर जंगल वाढलं, मुळं शिरली, हवा लागली, लोह गंजलं, आणि काळ्या चिखलाची पिवळी माती झाली. नंतर तिच्यावर गाळ साचून ती पुरली गेली. आज धुपीने ती पुन्हा बाहेर काढली आहे. म्हणजे ही जीवाश्म माती. वरच्या थरांतले लाल पट्टेही तसेच, एकेका काळी उन्हात असलेल्या जमिनी. आपल्या घाटांत दोन लाव्हाथरांच्या मध्ये विटकरी पट्टा दिसतो, तो पाहिलेल्या माणसाला हे लगेच समजेल. माती जन्मते, पुरली जाते, उघडी पडते, वाहून जाते. मला मातीची फक्त शेवटची अवस्था माहीत होती, कारण पगार तिचाच मिळायचा.

परतीच्या वळणावर बायकोने गाडी थांबवायला लावली. उघड्या राखाडी मैदानात टेबलासारखे काही उंचवटे उभे होते. माथा सपाट, त्यावर गवताची टोपी, आणि कडा उभ्या. यांना इथे ‘सॉड टेबल’ म्हणतात. भोवतालची सगळी जमीन वाहून गेली, जिथे गवताची जाळी शाबूत राहिली तेवढाच तुकडा जुन्या पातळीवर टिकला.

“बघा,” ती म्हणाली.

“कडेने खचतंच आहे की,” मी म्हणालो. “पायथ्याला दगडी आधार असता तर...”

“अहो, इथे दगड कुठे आहे?”

हा मुद्दा तिने अयोग्य वेळी काढला, पण बरोबर होता.

भिंतीच्या वरच्या अंगाला सेज क्रीक रिम रोड नावाचा कच्चा रस्ता आहे. कोरडा असताना जरूर जावं, पावसानंतर मुळीच नाही. ही चिकणमाती ओली झाली की चाकं जागीच फिरतात. या रस्त्यावर बायसन भेटतात, आपल्या रानगव्याचे लांबचे भाऊबंद. कोट्यवधींचे कळप एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हजारच्याही खाली आले होते. जेम्स ‘स्कॉटी’ फिलिप या रँचवाल्याने काही जगवले, शेजारचं फिलिप गाव त्याच्याच नावाचं. बॅडलँड्समध्ये १९६३मध्ये ५० आणून सोडले, आज बाराशेच्या आसपास आहेत. एक नर रस्त्यात उभा राहिला आणि आम्ही सगळे, गाड्यांची रांग, त्याच्या मर्जीची वाट बघत राहिलो.

पुढे प्रेअरी डॉगची वसाहत. नाव कुत्र्याचं, जात खारीची. बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभं राहून भुंकल्यासारखा आवाज करतात. तिथे इशारा आहे: यांना प्लेग असतो, जवळ जाऊ नका. आम्ही दोघंही दचकलो. प्लेग म्हटलं की मराठी माणसाला १८९७चं पुणं आठवतं. आणि साथ तीच. हाँगकाँगहून १८९६मध्ये मुंबईत उतरलेला तो रोग १९०० साली जहाजातून सॅन फ्रान्सिस्कोला पोचला, तिथल्या रानउंदरांत, खारींत मुरला आणि सरकत सरकत २००८मध्ये या माळावर आला. प्रेअरी डॉगवर जगणारं काळ्या पायांचं फेरेट नावाचं मुंगसासारखं जनावर आधीच नष्ट झालं असं समजत होते. १९८१मध्ये वायोमिंगमध्ये काही सापडली, त्यांची पैदास करून १९९४पासून इथे सोडली. आता माणसं बिळांवर पिसवा मारायची पूड टाकत हिंडतात. फेरेट रात्री बाहेर येतं, आम्हाला दिसलं नाही.

उद्यानाचा दक्षिण भाग पाइन रिज राखीव प्रदेशात येतो, ओग्लाला लकोटांच्या भूमीत. तिकडे पर्यटक थोडे. १९४२मध्ये हवाई दलाने बॉम्बफेकीच्या सरावासाठी इथली सुमारे ३ लाख ४० हजार एकर जमीन घेतली, सव्वाशे कुटुंबांना घरं सोडायला लावली. न फुटलेले गोळे अजून सापडतात, दिसलं तर हात लावू नका असं बजावतात. याच भागातल्या एका उंच पठारावर १८९०च्या हिवाळ्यात घोस्ट डान्स या धार्मिक चळवळीतली माणसं लपली होती. त्याच डिसेंबरच्या २९ तारखेला थोड्या अंतरावर वुंडेड नी येथे सैन्याने अडीचशेच्या वर लकोटांना मारलं, त्यात बायका-मुलंही होती. आम्ही तिथे गेलो. एक साधी टेकडी, एक दफनभूमी. फोटो काढावासा वाटला नाही.

शेवटचा मुक्काम वॉल. या गावाच्या जाहिराती शेकडो मैल आधीपासून रस्त्याच्या कडेला दिसत राहतात. १९३१मध्ये हस्टेड दांपत्याने इथलं औषधांचं दुकान घेतलं, धंदा चालेना. १९३६च्या उन्हाळ्यात पत्नीला सुचलं की तहानलेल्या प्रवाशांना बर्फाचं पाणी फुकट देतो अशा पाट्या लावाव्यात. आज तो दुकानांचा अख्खा मोहल्ला झाला आहे. पाणी अजून फुकट, डोनट बरे, बाकीचं बायकोला आवडलं आणि माझे पाय दुखले.

त्याच गावात राष्ट्रीय गवताळ प्रदेशांचं माहिती केंद्र आहे. तिथे फारसं कोणी जात नाही, आणि माझ्या मते सगळ्या सहलीतली ती सर्वात कामाची जागा. १९३०च्या दशकात उद्ध्वस्त झालेल्या होमस्टेडवाल्यांची जमीन सरकारने परत विकत घेतली. त्यावर गवत पेरलं, बंधारे घातले, आणि १९६०मध्ये तिला राष्ट्रीय गवताळ प्रदेश म्हणून दर्जा दिला. असे वीस आहेत, एकूण जवळजवळ ४० लाख एकर. वॉलभोवतीचा बफेलो गॅप त्यातलाच. आम्ही येताना ज्या माळाला मूळचा समजत होतो त्यातला बराच असा नांगरून, बुडवून, पुन्हा उगवलेला आहे. तिथे गुरं चारायला परवाना लागतो. हिशोबाचं एकक आहे एक गाय आणि तिचं वासरू महिन्याला जेवढं खाईल तेवढा चारा. कुठल्या कुरणात किती, कुठल्या महिन्यात, हे ठरवून देतात, आणि पाऊस ओढला तर कपातही करतात.

बायकोने तिथल्या माणसाला बरंच विचारलं. बाहेर आल्यावर म्हणाली, “हिवरे बाजारात हेच केलं ना? चराईबंदी, आणि विळ्याने कापून न्यायला मोकळीक.”

“हेच. पण डोंगरावर आधी समतल चर खणले, ते विसरू नकोस.”

“खणले. आणि त्या चरांच्या भरावावर तुमच्याच खात्याने काय पेरायला सांगितलं होतं?”

“स्टायलो,” मी म्हणालो, “आणि ते गवत नाही, शेंगवर्गीय आहे.”